घरपोच ‘ताण व थायरॉइड’ तपासणी : नमुना नीट घेतला, अर्थ मात्र चुकवला

वर्षभराच्या ताणानंतर थकवा हटेना, म्हणून मी एका ऑनलाइन आरोग्यसेवेकडून ताण आणि थायरॉइड यांची एकत्रित तपासणी करून घेतली. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे, थायरॉइड कमी पडले की वाढणारे संप्रेरक), फ्री टी-४ आणि फ्री टी-३ (थायरॉइडची संप्रेरके), रिव्हर्स टी-३ (टी-३चे निष्क्रिय रूप), अँटी-टीपीओ (थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे) आणि सकाळचे कॉर्टिसोल (ताणाचे संप्रेरक) अशा सहा चाचण्या आणि त्यांचा अर्थ सांगणारे बारा पानी टिपण असे तिचे स्वरूप आहे. मला हाशिमोटोचा आजार (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते) असून सहा वर्षांपासून लेव्होथायरॉक्सिन ही थायरॉइड संप्रेरकाची गोळी चालू आहे, आणि हे दोन्ही मी नोंदणीच्या वेळीच कळवले होते.

रक्त घ्यायला आलेल्या तंत्रज्ञ बाई कामात वाकबगार होत्या. एकाच टोचणीत काम झाले आणि नळ्यांवरची लेबले त्यांनी माझ्यासमोर चिकटवली. मात्र आठची वेळ ठरलेली असताना त्या आल्या उशिरा. लेबलावर त्यांनी प्रामाणिकपणे ११.२० लिहिले, तरी रिपोर्टात त्याच नमुन्याची तुलना आठ वाजताच्या मर्यादेशी केलेली आहे. कॉर्टिसोल जाग आल्यानंतरच्या अर्ध्यापाऊण तासात सर्वाधिक असते आणि मग मध्यरात्रीपर्यंत उतरत जाते, त्यामुळे माझा आकडा कमी दिसणारच होता. त्यावरून ‘अ‍ॅड्रिनल थकवा’ म्हणजे कॉर्टिसोल बनवणाऱ्या ग्रंथी थकल्याचे निदान छापले आहे, ज्याला अंतःस्रावशास्त्रात मान्यता नाही. बायोटिन घेता का, हेही कोणी विचारले नाही. केसांसाठीच्या गोळ्यांतले हे जीवनसत्त्व काही चाचणीपद्धतींत टीएसएच खोटेच कमी दाखवते.

टिपणाची मधली पाने खरोखर चांगली आहेत. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील टीआरएच हे संप्रेरक पिट्युटरी ग्रंथीला आणि पिट्युटरीतील टीएसएच थायरॉइडला कसे चालवते, कॉर्टिसोल वाढले की ही साखळी कशी दबते, टी-४चे टी-३मध्ये होणारे रूपांतर कसे मंदावते, हे तेथे सोप्या भाषेत आले आहे. अल्पकाळचा ताण पांढऱ्या पेशींना कामाला लावतो, पण तो महिनोन्‌महिने टिकला की त्या पेशी कॉर्टिसोलला दाद देईनाशा होतात आणि मंद दाह रेंगाळतो, हेही नीट सांगितले आहे. १९९१ सालच्या एका प्रयोगात ३९४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले, तेव्हा अधिक ताण असलेल्यांना सर्दी होण्याचे प्रमाण जास्त आढळले. हा दाखला नेमका निवडलेला आहे.

उणीव आहे ती प्रमाणाच्या भानाची. टी-३ घटणे आणि रिव्हर्स टी-३ वाढणे हे चित्र ठळकपणे दिसते ते गंभीर आजारात किंवा उपासमारीत. रोजच्या ताणाने होणारे बदल बहुधा लहान असतात. ग्रेव्ह्‌ज आजाराआधी (यात थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करते) मोठा मानसिक आघात झाल्याचे अनेक अभ्यासांत आढळले असले, तरी हाशिमोटोबाबत पुरावा तितका भक्कम नाही. टिपणाने मात्र दोघांना एकाच माळेत ओवले आहे.

माझे टीएसएच ५.८, म्हणजे मर्यादेच्या थोडे वर, आणि फ्री टी-४ मर्यादेत निघाले. रिपोर्ट म्हणतो, टीएसएच ताणामुळे वाढले. चौथ्याच पानावर कॉर्टिसोल टीएसएच दाबते असे लिहिणाऱ्यांनी हे वाक्य छापण्याआधी एकदा मागे वळून पाहायला हवे होते. शेवटच्या पानावर अश्वगंधाच्या कॅप्सूलची शिफारस आहे. अश्वगंधाने थायरॉइडची संप्रेरके वाढू शकतात. लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या व्यक्तीला डॉक्टरांना विचारा असे एका ओळीनेही न सांगता ती सुचवणे ही या सेवेची माझ्या लेखी सर्वांत गंभीर चूक आहे.

माझ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला, तो गोळी कधी घेता हा. धावपळीच्या त्या वर्षात गोळी कधी न्याहारीबरोबर, कधी लोहाच्या गोळीला लागून, तर कधी अजिबातच घेतली जात नव्हती. ताणाने माझ्या थायरॉइडला गाठले ते असे. आता ती उपाशीपोटी, न्याहारीच्या तासभर आधी घेते आणि लोहाची गोळी चार तासांनंतर.

टीएसएच आणि एकदाच अँटी-टीपीओ, एवढेच हवे असेल तर या पॅकेजची गरज नाही. रिव्हर्स टी-३ने माझ्या उपचारांत काहीच बदलले नाही. आठ आठवड्यांनी मी फक्त टीएसएच पुन्हा तपासणार आहे, तेही सकाळी लॅबमध्ये स्वतः जाऊन.