वायफायचा ड्रायव्हर सोर्सवरून टाकायचाय: नुसतं ‘मेक इन्स्टॉल’ की डीकेएमएस?

लिनक्सवर वायफाय कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) नाही, सोर्स उतरवून झालाय आणि रीडमीत दोन वाटा दिल्यात (हाताने बांधायचं, किंवा डीकेएमएस, म्हणजे नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप बांधणारी सोय), इथपर्यंत तुम्ही आला आहात असं धरून लिहितो. त्याआधी एक: यूएसबी डोंगल रिअलटेकचा असेल तर कर्नलमधला आरटीडब्ल्यू88 हा ड्रायव्हर त्याला ओळखतो का, ते बघून घ्या. 2023 च्या 6.2 कर्नलपासून त्यात यूएसबी चिप यायला लागल्या. ओळखत असेल तर ही सगळी खटपट वाचली.

नसेल, तर पहिली वाट साधी. ‘मेक’, मग ‘सुडो मेक इन्स्टॉल’, मग मॉडप्रोब (मॉड्यूल, म्हणजे बांधून झालेला ड्रायव्हर, कर्नलमध्ये चढवणारी आज्ञा). ही मला आजही आवडते, कारण काही लपत नाही. कंपाइल फसलं तर एरर तिथेच समोर दिसते. डीकेएमएसमध्ये मात्र ‘बॅड एक्झिट स्टेटस’ एवढं सांगून गाडी थांबते, आणि खरं कारण शोधायला व्हार-लिब-डीकेएमएसच्या पोटात शिरून मेक डॉट लॉग उघडावा लागतो. नवा, कुणी फारसा न वापरलेला सोर्स असेल तर मी पहिल्यांदा हातानेच कंपाइल करून बघतो. तेवढ्यापुरती ही वाट उजवी.

पण मॉड्यूल जाऊन बसतं ते चालू कर्नलच्या फोल्डरमध्ये. कर्नल अपडेट झाला की फोल्डर नवा, आणि त्यात तुमचं मॉड्यूल नाही. रीबूट केलं की वायफाय गायब. इथवर ठीक आहे, पुन्हा ‘मेक’ मारू. पण नव्या कर्नलचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल्स) आलेले नसतील तर ते आणायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेट तर त्याच कार्डावर होतं! माझा निर्णय झाला तो या एका वैतागाने. फोन यूएसबीला जोडून टेदरिंग करा, किंवा ग्रबच्या बूट मेनूतून जुना कर्नल निवडा (त्याच्या फोल्डरात मॉड्यूल शाबूत असतं), सुटका होते. पण अपडेट कधी येईल ते आपल्या हातात नसतं, आणि माझ्या अनुभवात तो नेमका घाईच्या वेळीच येतो.

डीकेएमएस हेच काम अंगावर घेतं. ते डेलच्या लिनक्स टीमने असल्याच अडचणीसाठी लिहिलं. सोर्स यूएसआर-एसआरसीमध्ये ठेवायचा, एकदा नोंदवायचा, मग नवा कर्नल आला की मॉड्यूल रीबूटच्या आधीच बांधून तयार. अट एकच, आणि बरेच जण तिथेच अडकतात: हेडरचं मेटापॅकेज (दर नव्या कर्नलचे हेडर सोबत आणणारं पॅकेज) हवं. डेबियनवर ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी64’, उबंटूवर ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’. आकड्यासकट असलेलं एकाच आवृत्तीचं पॅकेज टाकलंत तर पुढच्या कर्नलला हेडर मिळणार नाहीत आणि डीकेएमएसही हात वर करेल.

सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर पारडं डीकेएमएसकडे आणखी झुकतं. हाताने बांधलेलं मॉड्यूल दर वेळी स्वतः साइन करायचं, नाहीतर ‘की वॉज रिजेक्टेड’. डेबियन-उबंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत डीकेएमएसची किल्ली रीबूटच्या वेळी निळ्या पडद्यावर एकदा मान्य केली, की पुढचं साइनिंग ते आपलं आपण करतं.

अर्थात डीकेएमएस म्हणजे हमी नव्हे. कर्नलच्या आतला एपीआय (ड्रायव्हर ज्यांवर टेकलेला असतो ती फंक्शन्स) बदलत राहतो. 4.15 ला टायमरची जुनी फंक्शन्स गेली, 6.15 ला ‘एक्स्ट्रा सीफ्लॅग्ज’ हे कंपाइलच्या वेळचं व्हेरिएबल गेलं, आणि सोर्स सांभाळणारा कुणी नसेल तर अशा वेळी दोन्ही वाटा सारख्याच बंद पडतात. सतत नवे कर्नल देणाऱ्या रोलिंग डिस्ट्रोवर हे लवकर अनुभवाला येतं. म्हणून रिपॉझिटरीत शेवटचा कमिट (कोडमधला बदल) कधीचा आहे ते निवडीआधी बघावं, असं मला वाटतं.

कर्नल होल्डवर ठेवलेलं (म्हणजे त्याचे अपडेट थांबवलेलं) मशीन असेल, किंवा केबल कायम लावलेली असेल, तर ‘मेक इन्स्टॉल’ने काही बिघडत नाही. रोजच्या लॅपटॉपवर मी तरी डीकेएमएसच टाकेन. पुढे कर्नलमधलाच ड्रायव्हर आला की ‘डीकेएमएस रिमूव्ह’ला ‘ऑल’ लावून सगळ्या कर्नलमधून एकदम काढता येतं. फक्त इन्स्टॉल स्क्रिप्टने मॉडप्रोब डॉट डीमध्ये ब्लॅकलिस्टची फाइल टाकली असेल तर तीही उडवा, नाहीतर कर्नलमधला ड्रायव्हर असूनही लोड होणार नाही.