रिकामी टाकी सुटणार कशी: मॉडेल सोडून बघायचं की धरून?

लढाऊ विमानाच्या पंखाखालची रिकामी इंधनटाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त छळते. अंगात वजन नाही, आकार मात्र मोठा. सुटली की खाली जाण्याऐवजी वाऱ्यावर उलटून शेपटीकडे येऊ शकते. 30 जुलै 1966 ला अमेरिकेच्या एम-21 विमानाच्या पाठीवरून सोडलेलं डी-21 ड्रोन विमानावरच आदळलं. विमानातले दोघंही बाहेर पडले, पण एकजण समुद्रात बुडाला.

विंड टनेलमध्ये, म्हणजे मॉडेलवर जोराचा वारा सोडायच्या बोगद्यात, हे आधीच तपासायच्या दोन रीती. एकीत छोटं मॉडेल खरंच सोडून देतात. सेकंदाच्या आत खेळ खलास. हायस्पीड कॅमेरा टिपतो, मॉडेल जाळीत. कोलांट्या दिसतात त्या अस्सल. डोकेदुखी वजनाची: मॉडेल लहान केलं म्हणून गुरुत्वाकर्षण काही त्या मापात बदलत नाही, मग पडणं हुबेहूब खऱ्यासारखं होत नाही.

दुसरीत मॉडेल दांडीवर धरलेलं. बल मोजायचं, संगणकानं पुढची जागा काढायची, दांडी तिथं न्यायची, परत मोजायचं. इजेक्टरचा (टाकी विमानापासून ढकलणाऱ्या यंत्रणेचा) धक्का बदलून एकाच मॉडेलवर कितीतरी मार्ग काढता येतात. पण दांडी स्वतःच हवा ढवळते, आणि मॉडेल गरागरा फिरू लागलं की तिची पोच संपते.

साध्या बाँबला मी दांडी घेईन. रिकाम्या टाकीला जाळीच.