‘एका जागी बसणारा अ‍ॅनिमोन’ आणि माझे ११,५०० रुपये

११,५०० रुपये. खरा आकडा इथेच सांगते, घरी अजून ९,००० च सांगितलेत.

बबल टिप जातीचा अ‍ॅनिमोन (समुद्रफूल, पायाने दगडाला चिकटणारा मऊ समुद्री प्राणी) ६,८००, पॅकिंग-कुरिअर ७५०, त्याला एका जागी ‘बसवणाऱ्या’ ‘अँकर सोल्यूशन’ची बाटली १,४५० आणि जिवंत पोहोचला की परत मिळणारं डिपॉझिट २,५००. परत मिळणारं! पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

मी नवखी नाही, चार वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळते. पण माझा आधीचा अ‍ॅनिमोन दीड महिना भटकत होता. आज दगडावर, उद्या मागच्या काचेवर, वाटेतल्या कोरलना डंख मारत. एका पहाटे वेव्हमेकरमध्ये, म्हणजे टाकीत लाटा करणाऱ्या पंपात गेला. टाकीभर चिंध्या, पाणी गढूळ, दोन मासे गेले. असं झालेल्या माणसाला कुणी म्हणालं, “दगडासकट देतो, हलणारच नाही, हमी माझी,” तर तो भुलणारच. तुम्हीही भुलला असता.

पार्सल आलं. पांढराशुभ्र अ‍ॅनिमोन, टोकांना गुलाबी छटा. ‘दुर्मीळ रंग’ म्हणे. पांढरा म्हणजे अंगातलं शैवाल गमावलेला, उपाशी. हे मी स्वतः इतरांना सांगत आले आहे. पण ते राहू दे. खरा क्षण पुढचा. पायाभोवती दुधी रंगाचं कडं होतं. नखाने खरवडलं तर टणक, कडेचा कपचा निघाला. कोरलचे तुकडे मी स्वतः सुपरग्लू जेलने चिकटवते, पाण्यात घट्ट झालेला तो जेल मी झोपेतही ओळखेन. आणि तरीही तो कपचा बोटावर धरून मी म्हटलं, चुना साचला असेल! पैसे देऊन बसले होते ना. डिपॉझिटसाठी ‘सुखरूप मिळाला, समाधानी आहे’ असं लिहून द्यायचं होतं, तेही पाच मिनिटांत दिलं.

अ‍ॅनिमोनचा पाय म्हणजे सतत बुळबुळीत स्राव सोडणारा मऊ स्नायू. ग्लू त्याला धरत नाही, आणि जिथे धरतो तिथे कातडी फाटते. तिसऱ्या रात्री हा सुटला तो पायाचा लचका दगडावर ठेवूनच. तोंड आ वासलेलं. पाचव्या दिवशी वास आला.

मग ती ‘अँकर सोल्यूशन’ची बाटली रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायच्या यंत्रावर तपासली. १.०२५, माझ्या टाकीत आहे तेवढंच. १,४५० रुपयांचं मीठपाणी! अ‍ॅनिमोनला ‘बसवणारं’ कुठलंही औषध नसतं. जागा तो निवडतो. बबल टिपला पाय खुपसायला खोल भेग हवी आणि अंग पसरायला वर उजेड. ते मिळालं नाही की निघाला. कार्पेट जातीच्या बऱ्याच अ‍ॅनिमोनना तर पाय पुरायला वाळूच लागते. भेगेत ठेवून तो धरेपर्यंत प्रवाह मंद करा, बस. पंपांना आधी स्पंज लावा, नंतर नाही. आणि चिकटलेला पाय ओढून काढू नका, कधीच.

आता तक्रारीचं ऐका. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात. ज्या अ‍ॅपवरून घेतला ते म्हणालं, जिवंत प्राणी धोरणात बसत नाहीत. (विकताना बसतात.) कुरिअर म्हणालं, डबा फुटला नव्हता. पोलीस ठाण्यात दीड तास बसवून विचारलं, “मासा मेला?” म्हटलं मासा नाही, समुद्रफूल. “मग झाड?” म्हटलं, प्राणी आहे. यावर दोघे हसले आणि तिसऱ्याला बोलावलं, त्यालाही ऐकवायला! शेवटी अर्जावर लिहिलं ‘शोभेची वस्तू’. ऑनलाइन फॉर्ममध्ये पक्कं बिल अनिवार्य. पक्कं बिल देणारा मला फसवेल कशाला? आणि जिथे जाईन तिथे माझंच वाक्य माझ्यासमोर: ‘सुखरूप मिळाला, समाधानी आहे.’

दोन आठवडे पाहिल्याशिवाय असं काही लिहून देऊ नका. विकणाऱ्याकडे दगड उलटा करून पायाचा व्हिडिओ मागा. तो टाळाटाळ करेल तिथेच थांबा. माझ्याकडे आला होता तो फक्त वरून काढलेला, छान डोलणारा.

तोच व्हिडिओ परवा पुन्हा दिसला, दुसऱ्या नावाने, डिपॉझिट आता ३,०००. माझा अर्ज एक्केचाळीस दिवस ‘प्रक्रियेत’ आहे.