ई-इंक रीडर, टॅबलेट आणि छापील पुस्तकं: गुहागरातल्या उन्हापावसातला अनुभव

सरळ सांगते, घरात साठीच्या पुढचं कोणी वाचणारं माणूस असेल तर ई-इंक रीडर, म्हणजे कागदासारखा पडदा असलेलं फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्या, आणि तो अक्षर मोठं करता येतं म्हणून घ्या. बॅटरी, वजन, हजार पुस्तकं एका हातात वगैरे जे सगळे सांगतात ते खरंच आहे, पण ते नंतरचं. आमच्याकडे गुहागरात उन्हाळ्यापासून आख्खा पावसाळा आणि आता थंडीपर्यंत ६ इंची रीडर, १० इंची टॅबलेट आणि कपाटातली पुस्तकं असं तिन्ही चालू आहे, मी आणि आई दोघी वापरतो, त्यावरून लिहितेय.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. नजर तशी चांगली आहे पण छापील कादंबरीचा बारीक टाईप, त्यात कागद पिवळा पडलेला, दोन पानं झाली की कपाळ धरून बसायची. हळूहळू वाचनच सुटलं. आपल्याकडे मोठा टाईप म्हणजे पोथी, बाकी कथा कादंबऱ्या मोठ्या अक्षरात फारशा निघत नाहीत, म्हणजे ज्याला पोथी वाचायची नाही त्याने काय करायचं? रीडरवर अक्षर वाढवत नेलं आणि तिला विचारलं, कुठे थांबू? पोथीएवढं झालं तेव्हा म्हणाली, "हां, आता बरंय गो." एका स्क्रीनवर जेमतेम दहा-बारा ओळी मावतात, पानं भराभर उलटावी लागतात, तिला त्याचं काही नाही. दुपारी पडवीत झोपाळ्यावर बसून वाचते.

यात एक गोष्ट जरूर करा. अक्षर मोठं केलं की मराठीत ओळीत मोठमोठी भोकं पडतात, कारण आपले शब्द लांब आणि दोन्ही कडा सरळ करायच्या नादात रीडर शब्दांमधली जागा ताणतो. सेटिंगमध्ये जाऊन अलाइनमेंट फक्त डावीकडून सरळ करा, आणि ओळींमधलं अंतर थोडं वाढवा म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसत नाही. आणि घेताना ३०० पीपीआयच (पडद्याच्या एका इंचात किती ठिपके ते) बघा. जुन्या स्वस्त मॉडेलमध्ये १६७ पीपीआय असायचं, त्यावर इंग्रजी चालून जातं पण ष्ट्र, द्ध, र्‍य असली जोडाक्षरं कडेला फाटल्यासारखी दिसतात. सेकंडहँड घेताना हे आधी तपासा.

मग टॅबलेटवर अक्षर मोठं होत नाही का, तर होतं. पण टॅबलेटच्या पडद्यामागे दिवा असतो आणि तो आपल्या डोळ्यांकडे येतो, ई-इंकचं काम वेगळं आहे. त्यात बारीक बारीक कॅप्सूलमध्ये काळे आणि पांढरे कण असतात, दोघांवर उलट भार, विजेच्या धक्क्याने काळे वर आले की अक्षर दिसतं. एकदा वर आले की तिथेच बसतात, पान तसंच ठेवायला वीज लागत नाही, फक्त पान बदलताना लागते. म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे जाते. बाहेरचा उजेड त्यावर पडून परत येतो, कागदासारखाच, त्यामुळे ऊन जितकं कडक तितकं अक्षर ठसठशीत. एप्रिल-मेच्या उन्हात आमच्या अंगणात टॅबलेट काढला तर त्यात आधी माड दिसतात, मग आपलं तोंड, आणि ब्राइटनेस पूर्ण वाढवला की थोड्या वेळात तापून स्क्रीन आपोआप मंद होतो. रीडर तिथेच आरामात वाचता येतो. अंधारात लागतो तो उजेड रीडरमध्ये कडेच्या एलईडीतून पडद्यावर आडवा पसरतो, तो थोडा पिवळा करता येणारं मॉडेल मिळालं तर घ्या, रात्री फार बरं वाटतं. डोळ्यांना फायदा तोटा काय ते डॉक्टर सांगतील, मी एवढंच सांगते की आई टॅबलेटवर अर्ध्या तासात ठेवून देते आणि रीडरवर चहाची वेळ झाली तरी उठत नाही. वजनाचाही भाग आहे, रीडर पावणेदोनशे ग्रॅमच्या आत, टॅबलेट अर्धा किलोच्या आसपास, म्हाताऱ्या मनगटाला तो फरक लगेच कळतो.

आता पावसाळा, कोकणात राहायचं तर यावर बोलायलाच हवं. जून लागला की लाईट जाणार, रेंज जाणार, हे धरूनच चालायचं. आगोटीला जसं तांदूळ, सुकी मासळी, लाकडं भरून ठेवतात तशी मी मे महिन्यातच पुस्तकं उतरवून ठेवते, मग वाय-फाय बंद, एअरप्लेन मोड चालू. वारा पाऊस सुरू झाला आणि रात्रभर लाईट नसली तरी रीडर चालूच. टॅबलेटचा मात्र त्याच वेळी चार्ज संपलेला असतो, आणि हवेत इतका दमटपणा की चार्जर लावला की पोर्टमध्ये ओलावा आहे म्हणून चार्जच घेत नाही. खारं वारं असल्या पिनांना तसंही सोडत नाही. रीडरला चार्जर क्वचित लावावा लागतो म्हणून तिथे त्रास कमी, तरी मी तो झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवते.

वॉटरप्रूफबद्दल एक समजून घ्या. आयपीएक्स८ (पाण्यात बुडाला तरी टिकण्याचा दर्जा) लिहिलेलं असतं, ॲमेझॉनच्या किंडल पेपरव्हाइट रीडरला ते २०१८ पासून आहे, २ मीटर पाण्यात ६० मिनिटं. पण हे गोड्या पाण्यातलं. समुद्राच्या पाण्यासाठी कंपनी स्वतःच फक्त पाव मीटर आणि ३ मिनिटं सांगते. म्हणजे पागोळ्या उडाल्या तर चिंता नाही, पण लाटेत भिजला तर लगेच गोड्या पाण्याने धुवून पुसा. आणि वाळूपासून जपा, पडद्यावर वाळूचा कण घासला की ओरखडा कायमचा.

छापील पुस्तकांचं पावसाळ्यात काय होतं ते इथल्या कुणालाही विचारा. पानं मऊ पडतात, पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी धरते, कसर लागते, आणि भिंतीला टेकवलेल्या कपाटात वाळवी शिरली तर तुम्हाला कळेपर्यंत आतून भुगा. कडुनिंबाचा पाला, डांबर गोळ्या, दसऱ्यानंतर उन्हं पडली की सगळी पुस्तकं बाहेर काढून वारा देणं, हे आम्ही अजून करतो आणि करत राहणार.

कारण काही गोष्टी छापीलच हव्यात. दिवाळी अंक रीडरवर वाचायचा प्रयत्न करूच नका. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून चित्रं, व्यंगचित्रं, जाहिराती, पानाची मांडणी हे सगळं मिळून तो अंक असतो, करड्या ६ इंचात त्यातलं काही उरत नाही. रंगीत ई-इंक आलंय पण त्यात रंगाचं रिझोल्युशन १५०च पीपीआय आणि रंग फिके. मोठ्या कादंबरीत मागे जाऊन कोण कुणाचा मामा ते बघायचं असेल तरी छापीलच बरं, बोट घालून ठेवलं की झालं, रीडरवर मागेपुढे जाताना पडदा प्रत्येक वेळी लुकलुकतो आणि धागा तुटतो. आणि उसनं देणं. आमच्याकडे पुस्तक शेजारच्या काकूंकडे, तिथून त्यांच्या जावेकडे चिपळूणला, असं फिरतं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून हेच करतंय. ई-बुक विकत घेतलं तरी ते आपल्या खात्यापुरतं, काकूंना द्यायचं तर आख्खा रीडरच द्यावा लागतो, याचा मला खरंच राग येतो.

टॅबलेट मी विकणार नाही कारण पीडीएफ. मराठीत फुकट आणि कायदेशीर मिळणारं बरंच साहित्य पीडीएफमध्येच आहे, जुन्या पुस्तकांची स्कॅन तर सगळीच. ६ इंची पडद्यावर ती पानं मुंगीएवढी दिसतात, म्हणजे ज्या कारणासाठी रीडर घेतला तेच गेलं. रूपांतर करून बघाल तर युनिकोडच्या (मराठी अक्षरांच्या आताच्या संगणकी पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये टाईप केलेलं पुस्तक निव्वळ इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन बाहेर येतं. विकिस्रोत या फुकट पुस्तकांच्या वेबसाइटवर काही जुनी मराठी पुस्तकं ईपब (अक्षर लहानमोठं करता येतं तो ई-बुकचा प्रकार) करून उतरवता येतात, ती रीडरवर सुंदर दिसतात, तिथून सुरुवात करा.

किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे २०१६च्या डिसेंबरपासून मिळतात, पण आईने मागितलेल्या यादीतली निम्मी अजून ई-बुकमध्ये नाहीत. प्रकाशकांना माझी मनापासून विनंती आहे की जुनी पुस्तकं ईपबमध्ये काढा, नुसतं पीडीएफ नको, ज्यांची नजर अधू झालीय ते वाचक पैसे द्यायला तयार आहेत. आईसाठी आता वेगळा ७ इंची घ्यायचं ठरलंय, मोठ्या अक्षरात दोन-तीन ओळी जास्त मावतील म्हणून. कुणी ७ इंचीवर मोठ्या टाईपात मराठी वाचत असेल तर एका पानात किती ओळी बसतात ते सांगा.