भेकर शोधणाऱ्यांसाठी दुर्बीण: निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२

पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या नेमाने वाऱ्या करणाऱ्या कितीतरी नागपूरकरांच्या वहीत चितळ, सांबर, नीलगाय यांच्या नोंदींनी पानं भरलेली असतात आणि भेकराच्या नावापुढची जागा कोरी असते. जंगलात भेकरं नाहीत असं नाही. भेकर हे लहान हरीण, खांद्याशी जेमतेम दोन फूट, बहुधा एकटं, नाल्याकाठच्या झुडपात राहणारं. जिप्सीची चाहूल लागली की ते आधी जागच्या जागी थिजतं आणि आपण पुढे गेलो की निघून जातं. नुसत्या डोळ्यांना ते पालापाचोळ्याचाच भाग वाटतं. कॅमेऱ्याच्या लांब लेन्सने ते टिपता येतं, पण हुडकता येत नाही, कारण लेन्समधून एका वेळी फारच थोडं जंगल दिसतं. या कामाला दुर्बीणच लागते, आणि मधल्या किमतीच्या दुर्बिणींत निकॉनची प्रोस्टाफ पी३ ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटर व्यासाची) या एका कामासाठी आम्ही सर्वांत वर ठेवू.

कारण तिचं दृश्यक्षेत्र. ते ७.२ अंशांचं आहे, म्हणजे १०० मीटरवर सुमारे साडेबारा मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत येतो. याच कंपनीची वरच्या दर्जाची मोनार्क एम५ ८×४२ घेतली तर तिचं क्षेत्र ६.४ अंश, म्हणजे तेवढ्याच अंतरावर सव्वाअकरा मीटर. एम५ मध्ये ईडी काच आहे, म्हणजे कडांवर फुटणारे रंग कमी करणारी खास काच; रंग जास्त स्वच्छ दिसतात, पक्षी पाहणाऱ्याने तीच घ्यावी. भेकराच्या शोधात मात्र सव्वा मीटरचा हा फरक पदरात पडतो. दोन सागांच्या फटीत कान हलल्यासारखा वाटतो, तुम्ही दुर्बीण डोळ्याला लावता, आणि तीच फट पुन्हा सापडली नाही तर संधी गेली. पट्टा रुंद असेल तर ती फट पहिल्याच प्रयत्नात काचेत येण्याची शक्यता वाढते.

दहापट घ्यावी का, हे हमखास विचारलं जातं. जिप्सीत उभं राहून पाहायचं असेल तर घेऊ नये. दहापट दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट होतो, आणि शेजारचा माणूस नुसता हलला तरी चित्र नाचतं. शिवाय उजेडाचा हिशेब आहे. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात. एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. दहापटीत तो ४.२ वर येतो. भेकर दिसण्याची खरी वेळ पहाटेची आणि सूर्य मावळतानाची. त्या वेळी नाल्यातल्या सावलीत तांबूस अंग आणि तांबडी माती वेगळी दिसते की नाही, हे या एका मिलिमीटरवर ठरू शकतं.

वजन ५६५ ग्रॅम. सोबत येणाऱ्या गळपट्ट्यावर चार तासांत मान भरून येते. खांद्यावरून पाठीमागे जाणारा पट्टा वेगळा घ्या. दुर्बीण छातीशी घट्ट राहते आणि खड्ड्यात गाडी उसळली तरी समोरच्या दांडीवर आपटत नाही.

नवी दुर्बीण हातात आली की आधी ती आपल्या डोळ्यांना बसवायची. बिजागरी मिटत-उघडत दोन वर्तुळांचं एक वर्तुळ दिसेपर्यंत अंतर जमवा. चष्मा असेल तर आयकप (डोळ्याला टेकणारी रबरी कडा) पूर्ण खाली फिरवा, नसेल तर वर. डोळा काचेपासून २०.२ मिलिमीटर लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं, त्यामुळे जाड चष्म्यालाही अडचण येत नाही. मग उजवी नळी हाताने झाकून डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवत पन्नासेक मीटरवरची एखादी बारीक खूण नीट करा. आता डावी नळी झाका, मधल्या चाकाला हात लावू नका, आणि उजव्या आयपीसवरची (डोळ्याकडच्या भिंगावरची) डायॉप्टरची, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक जुळवणारी, कडी फिरवून तीच खूण नीट करा. कडीची ती जागा लक्षात ठेवा. पिशवीत घासून ती सरकते. तासाभरात डोकं दुखायला लागलं तर बहुतेक वेळा ही सरकलेली कडीच कारण असते, आणि लोक उगाच काचेला दोष देतात.

शिकारीवर आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंदी आहे. पण हरिण हुडकण्याची जी पद्धत जुन्या शिकाऱ्यांच्या अंगात भिनलेली होती, ती दुर्बीणवाल्याने जशीच्या तशी उचलावी. पाणी असलेल्या नाल्याजवळ, बोडीजवळ (लहान तळ्याजवळ) गाडी थांबवून इंजीन बंद करायला सांगा. इंजीन चालू असेल तर कोणतीच दुर्बीण स्थिर राहत नाही. कोपर दांडीवर न टेकवता बरगड्यांना टेकवा, कारण दांडी सगळ्यांच्या हालचालीने हलत असते. आधी अर्धा मिनिट नुसत्या डोळ्यांनी हालचाल पाहा. मग दुर्बीण लावा आणि ती सरसर फिरवू नका. एक चौकट नीट पाहून झाली की पुढची चौकट अर्धी तिच्यावर येईल अशी घ्या.

यात सगळ्यात महत्त्वाचं काम फोकसच्या चाकाचं. समोर घाणेरीचं जाळं असेल तर आधी त्या जाळ्यावर फोकस करा आणि मग चाक अगदी हळू फिरवत नजर आत न्या. पुढच्या काड्या विरघळतात, मागची पानं उमटतात, त्यामागची जमीन उमटते. या आतल्या थरांत भेकर असतं. पूर्ण जनावर शोधू नका. सागाच्या उभ्या खोडांमध्ये आडवी गेलेली पाठीची एक रेघ, कानाची झटक, ओला काळा नाकाचा ठिपका, एवढंच आधी दिसतं.

सापडल्यावर चेहरा पाहा. भेकराच्या कपाळावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन गडद रेघा असतात, आणि नराची आखूड शिंगं केसाळ खुंटांवर उभी असतात. ही खात्री गरजेची, कारण चौसिंग्याची मादी पाहून भेकर म्हणणारे पुष्कळ आहेत. चौसिंग्याचा रंग मळकट, पुढच्या पायांवरून गडद पट्टी उतरलेली, आणि कपाळावर त्या रेघा नसतात. तो हरिणकुळातला नव्हे, गाय-बकरीच्या कुळातला. साठ-सत्तर मीटरवर या खुणा ८ पटीत स्वच्छ दिसतात.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. भेकर धोका जाणवला की कुत्र्यासारखं भुंकतं, आणि ते भुंकलं की सगळ्या जिप्स्या वाघाच्या आशेने रस्त्याकडे धावतात आणि भुंकणाऱ्या जनावराकडे कोणी बघत नाही. ते बराच वेळ, थांबून थांबून भुंकतं, आणि तेवढ्या वेळात त्याची दिशा पक्की करता येते. गाईडला आधीच सांगून ठेवा की आपल्याला भेकरच पाहायचं आहे. कोऱ्या जागा भरतात त्या अशाच वेळी.

आता उणिवा. ईडी काच नसल्यामुळे उजळ आकाशापुढच्या फांदीला जांभळट कडा दिसते. झुडपातल्या भेकराला त्याचा त्रास नाही, पण झाडाच्या शेंड्यावरचा शिक्रा पाहताना जाणवतो. चित्राच्या कडांना धार कमी आहे. जनावर मधोमध घेऊन पाहा. मे महिन्यात सकाळी नऊनंतर दूरचं सगळं लहरताना दिसतं. तो तापलेल्या जमिनीवरच्या हवेचा परिणाम आहे, महागडी दुर्बीण घेऊनही तो जात नाही. अशा वेळी पन्नास मीटरच्या आतली सावली तपासा.

धूळ हा आपल्याकडचा मोठा शत्रू. पेंचच्या सिल्लारी प्रवेशद्वाराकडच्या रस्त्यांवरून फिरून आल्यावर काचेवर मातीचा बारीक थर बसतो, आणि लोक गमछ्याच्या टोकाने तो पुसतात. त्या मातीतले कण काचेवरच्या लेपाला ओरखडे काढतात. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि शेवटी मायक्रोफायबरचं कापड. घाम आयपीसवर ठिबकला तर त्याच दिवशी ओल्या कापडाने टिपून घ्या. दुर्बीण नायट्रोजन भरून बंद केलेली आहे, एक मीटर पाण्यात दहा मिनिटं टिकेल अशी, त्यामुळे पहिल्या पावसाची धास्ती नाही. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका; आतलं वंगण पातळ होतं आणि चाक ढिलं फिरायला लागतं.

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात घ्यायला जाणार असाल तर दुपारी न जाता दिवेलागणीच्या आधी जा. दुकानाच्या आतून समोरची भिंत पाहण्यात अर्थ नाही. बाहेर या आणि किल्ल्याच्या टेकडीवरच्या झाडीत, जिथे सावली दाट आहे तिथे पाहा. पानामागचं पान वेगळं दिसायला हवं. मग दूरच्या विजेच्या तारेवर मिनिटभर नजर ठेवा. तार दुहेरी दिसली किंवा डोळ्यांवर ताण आला तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत असं समजा. हा दोष घरी दुरुस्त होत नाही. दुसरा नग मागा, त्याचीही हीच परीक्षा घ्या, आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक दुर्बिणीवरच्या क्रमांकाशी जुळवूनच पैसे द्या.