एमटीटी किट: माल भारी, कुरिअर बेकार
कोल्हापुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हे पेशी जिवंत हायत का ते तपासायचं किट मागवलं, हेप-जी-टू म्हणजे लिव्हर कॅन्सरच्या पेशींवर डायझेपाम (चिंता कमी करणारं औषध) टाकून किती जगतात ते बघायचं होतं. किट लई भारी हाय, जिवंत पेशी पिवळ्या डायचे जांभळे खडे करतात, ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग किती गडद ते मोजायचं, बास. पण कुरिअरवाल्यानं बॉक्स उन्हात ठेवलेला, बर्फाचं पाणी झालं, शेवटी राजारामपुरीतनं मीच गाडीवर जाऊन आणला! आणि या पेशींत औषध पचवणारी सीवायपी एन्झाइम्स लई कमी असत्यात, त्यामुळं रंग फिका पडला, म्हणजे पेशी कमी जगल्या, म्हणून माणसाच्या लिव्हरचं पण असंच होतंय म्हणू नका. डायझेपाम पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ते डीएमएसओत विरघळवून टाकतात, तर औषधाशिवाय नुसत्या डीएमएसओचा वेगळा कंट्रोल तुलनेला ठेवा, मी विसरलो आणि ९६ खणांची अख्खी प्लेट वाया.