इन्व्हर्टरची बॅटरी दाखवायची तर इथेच (५ पैकी ४ स्टार)

बसस्टँडमागच्या गल्लीतलं बॅटरीचं दुकान. पाटीचा रंग उडालाय, बसायला धड जागा नाही, पण अकोल्याच्या उन्हाळ्यात ज्याचा इन्व्हर्टर कोकलतो तो इथेच येतो.

आमची १५० एएचची (ॲम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्युब्युलर, म्हणजे नळ्यांच्या प्लेटांची बॅटरी, फॅन-लाईटवर निवांत तीन-चार तास काढायची, ती अर्ध्या तासात मान टाकायला लागली. आधी दुसरीकडे दाखवली होती, त्याने नुसता मीटर लावला, १२ व्होल्टच्या वर दाखवतोय म्हणजे बॅटरी ओके, यात पावडर टाकू की नव्यासारखी होते म्हणाला अन् पैसे घेऊन मोकळा. फरक शून्य.

इथल्या भाऊंनी आधी सहाही सेलची बुचं काढून हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता, चार्ज कमी तर तीही कमी) घेतली. पाच सेल बाराशे तीसच्या आसपास, एक मात्र अकराशे वीस (म्हणजे १.१२०, दुकानात सगळे असंच बोलतात). मग लोड लावला तर व्होल्टेज धाडकन खाली. भंगारात आलेली एक बॅटरी कापून पडलेली होती, तिच्या प्लेटा काढून दाखवल्या, ते मला सगळ्यात आवडलं. निगेटिव्ह प्लेट म्हणजे स्पंजासारखं सच्छिद्र शिसं, चांगल्या प्लेटला नख ओढलं की चमकदार रेघ उठते, हिच्यावर नुसती वाळूसारखी खरखर, पांढरट. ते लेड सल्फेट. डिस्चार्जमध्ये ते बनतंच, पण शिशापेक्षा दुपटीहून जास्त जागा खातं, आणि आपल्याकडे मे महिन्यात लाईनचं व्होल्टेज इतकं कमी की चार्जिंग पुरं होतच नाही, मग तेच खडे मोठे होतात, छिद्रांची तोंडं बुजतात आणि ॲसिड आत पोचत नाही. आत माल असूनही कामाचा नाही. म्हणून मीटर ओके म्हणतो आणि बॅकअप गायब!

पॉझिटिव्हची कथा वेगळी. कापडी नळ्यांतला तपकिरी मसाला (लेड डायऑक्साइड) चार्ज-डिस्चार्जला फुगून-आकसून सैल पडतो, नळी फाटली की गाळ होऊन तळाला बसतो आणि गाळ वर चढून प्लेटांना लागला की सेल शॉर्ट. "भाऊ, ह्याला पावडर काय करणार, सुटलेला मसाला परत चिकटते का?" इति भाऊ.

दोन दिवस हळू चार्जिंगला ठेवली, पाच सेल १.२४० ला आले, सहावा ढिम्म. सरळ सांगितलं, खर्च करू नका, नवीन घ्या. जुनीचे वजनावर पैसे वळते केले, चार्जिंगचे वेगळे घेतले नाहीत.

एक स्टार कापला कारण फोन उचलत नाहीत, घरपोच द्यायला दोन चकरा मारायला लावल्या, आणि बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. वॉरंटी कार्डवर तारीख अन् शिक्का समोर उभं राहून मारून घ्या.